बूट होताना आधी नेटवर्क, मग माउंट: रीबूटनंतरही एनएफएस आणि सांबा शेअर जागेवर राहावेत म्हणून

एनएफएस आणि सांबा म्हणजे दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर (शेअर) नेटवर्कवरून आपल्या लिनक्स मशीनवर जोडायच्या, म्हणजे माउंट करायच्या, दोन पद्धती. तो जोड रीबूटनंतर टिकत नसेल, तर लक्षण ठरलेलं असतं. ‘माउंट -ए’ हाताने चालवलं की शेअर लगेच जोडला जातो, फाइली दिसतात. मशीन रीबूट केलं की तोच फोल्डर रिकामा. पुन्हा हाताने माउंट केलं की सगळं ठीक. मग कोणीतरी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ३०’ टाकतं आणि ते काही दिवस चालतंही. ज्या दिवशी नेटवर्क उभं राहायला ३१ सेकंद लागतात, त्या दिवशी पुन्हा फोल्डर रिकामा.

याचं कारण सोपं आहे. सिस्टमडी (बहुतेक लिनक्सवर बूट हाताळणारा प्रोग्रॅम) बूटच्या वेळी शक्य तेवढी कामं एकाच वेळी सुरू करतो. कोण कोणासाठी थांबणार हे कुठे लिहिलेलं नसेल, तर तो कोणालाच थांबवत नाही. त्यामुळे इथे सेकंद मोजण्यात अर्थ नाही. दोन नाती लिहून ठेवायची असतात: माउंटला नेटवर्क लागतं आणि सेवेला (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला) माउंट लागतो. पुढची सगळी खटपट या दोन वाक्यांसाठी आहे.

(कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.)

हाताशी काय हवं

– रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार.
– सर्व्हरचा आयपी पत्ता आणि शेअरचा नेमका मार्ग.
– क्लायंटवर (शेअर वापरणाऱ्या मशीनवर) लागणारं पॅकेज. एनएफएससाठी डेबियन-उबुंटूवर ‘एनएफएस-कॉमन’, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ‘एनएफएस-युटिल्स’. विंडोज किंवा सांबा शेअरसाठी सगळीकडे ‘सीआयएफएस-युटिल्स’.
– एसएसएचशिवाय (दुरून लॉगिन करायची सोय) मशीनपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता: कीबोर्ड-मॉनिटर, सीरियल कन्सोल किंवा व्हर्च्युअल मशीनची कन्सोल खिडकी. हे टाळू नका. एफएसटॅब या माउंटच्या यादीच्या फाइलमधली एक चुकीची ओळ मशीनला इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरती अवस्था) टाकू शकते आणि तिथे एसएसएच सुरूच होत नाही. काही डिस्ट्रोंमध्ये रूट खातं कुलूपबंद असतं, मग कन्सोलवरही शेल मिळत नाही आणि लाइव्ह यूएसबी शोधत बसावं लागतं.
– /ईटीसी/एफएसटॅबची एक प्रत.

१. आधी हाताने माउंट करून बघा

क्रमाचा दोष आणि मुळातच न चालणारा शेअर यांची गल्लत करू नका. रूट म्हणून, पूर्ण मार्ग देऊन, एकदा हाताने माउंट करा. इथेच अडलं तर बूटचा काही संबंध नाही. एनएफएसची चौथी आवृत्ती फक्त टीसीपी पोर्ट २०४९ वापरते. तिसरीला पोर्ट १११ वरचा आरपीसीबाइंड आणि माउंटडी हे मदतनीस प्रोग्रॅमसुद्धा लागतात. सांबाला ४४५ लागतं. ‘बॅड ऑप्शन’ म्हणत माउंट हेल्पर प्रोग्रॅमबद्दल कुरकुर आली, तर वरचं पॅकेज बसवलेलं नाही.

एसएसएचएफएस (एसएसएचवरून फोल्डर माउंट करायची पद्धत) वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. तुमच्या खात्यातून ते चालतं, कारण किल्ली आणि सर्व्हरची ओळख तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे. बूटच्या वेळी माउंट करतो रूट. त्याच्या ‘नोन-होस्ट्स’ फाइलमध्ये तो सर्व्हर नसतो आणि ‘येस’ टाइप करायलाही कोणी नसतं. म्हणून रूट म्हणून एकदा एसएसएच करून ओळख नोंदवा आणि पर्यायांमध्ये किल्लीच्या फाइलचा पूर्ण मार्ग द्या.

२. ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ यांतला फरक

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा सावकाश.

टार्गेट म्हणजे सिस्टमडीच्या बूटमधला एक टप्पा. ‘नेटवर्क.टार्गेट’ हे नाव फसवं आहे. ते पूर्ण झालं याचा अर्थ एवढाच, की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला. नेटवर्क कार्डाला पत्ता मिळाला का, केबल लागली आहे का, याची काहीच हमी नाही. या टार्गेटचा खरा उपयोग मशीन बंद होताना होतो. जी सेवा त्याच्या ‘आफ्टर’ लावलेली असते, ती नेटवर्क जाण्यापूर्वी थांबवली जाते.

‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ मात्र खरोखर थांबतं. पण ते आपणहून बूटमध्ये येत नाही, कोणीतरी मागावं लागतं. म्हणून स्वतःच्या सेवा फाइलमध्ये दोन्ही ओळी हव्यात: ‘वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ आणि ‘आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’. फक्त ‘आफ्टर’ लिहिलं आणि ते टार्गेट दुसऱ्या कोणी मागितलंच नाही, तर तुमची ओळ असून नसल्यासारखी. फक्त ‘वॉन्ट्स’ लिहिलं तर दोघं एकदमच सुटतात.

एनएफएस आणि सांबाच्या माउंटसाठी मात्र या ओळी तुम्हाला लिहायच्या नाहीत. बूटच्या सुरुवातीलाच सिस्टमडीचा एफएसटॅब-जनरेटर एफएसटॅब वाचतो आणि प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट (सिस्टमडीसाठी कामाचं वर्णन असलेली फाइल) /रन/सिस्टमडी/जनरेटर या फोल्डरात तयार करतो. प्रकार एनएफएस किंवा सीआयएफएस (सांबा शेअरचा प्रकार) दिसला, की नेटवर्क-ऑनलाइनचं अवलंबन सिस्टमडी स्वतःच जोडतो. तरीही माउंट फसत असेल, तर ‘ऑनलाइन’ कधी झालं हे ठरवणाऱ्याकडे बघायला हवं.

३. वाट पाहणारी सेवा नीट लावा

आधी कार्ड कोण सांभाळतं ते ओळखा. डेस्कटॉपवर आणि बऱ्याच सर्व्हरवर नेटवर्कमॅनेजर असतो, काही ठिकाणी सिस्टमडी-नेटवर्कडी, जुन्या पद्धतीच्या डेबियनवर इफअपडाउन. प्रत्येकाची वाट पाहणारी सेवा वेगळी असते आणि जो खरोखर काम करतो त्याचीच चालू हवी. ‘सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड’ लावून तपासा.

नेटवर्कमॅनेजर असेल तर ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ चालू करा. ‘बूट लवकर व्हावं’ म्हणून ही सेवा बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. बूट लवकर होतं हे खरं, पण मग नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट कोणाचीही वाट न पाहता पूर्ण होतं आणि आपण पुन्हा रिकाम्या फोल्डरवर येतो. दुसरी मेख आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ची. दोन्ही चालू असतील, तर दोहोंपैकी एकाचा पत्ता मिळाला की नेटवर्कमॅनेजर जोडणी पूर्ण झाली असं धरतो. आयपीव्ही६ क्षणात मिळालं, डीएचसीपी (आयपी पत्ता आपोआप मिळवणं) अजून चाललंय आणि सर्व्हर आयपीव्ही४वर, तर माउंट पडणारच. त्या जोडणीला ‘आयपीव्ही४.मे-फेल’ची किंमत ‘नो’ द्या.

वायफाय असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पासवर्ड वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये (लॉगिननंतर उघडणारी पासवर्डची तिजोरी) साठवला असेल, तर लॉगिन होईपर्यंत जोडणी होतच नाही. जोडणी ‘सर्व वापरकर्त्यांसाठी उपलब्ध’ अशी साठवा.

नेटवर्कडी असेल तर ‘सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’. हा आपल्या ताब्यातली सगळी कार्डं तयार होण्याची वाट पाहतो आणि १२० सेकंदांनी हात टेकतो. मशीनला दोन पोर्ट आहेत, केबल एकालाच आहे आणि बूटला बरोबर दोन मिनिटं जास्त लागतात? हेच कारण. रिकाम्या कार्डाच्या नेटवर्क फाइलीत ‘लिंक’ विभागात ‘रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो’ लिहा, किंवा वेट-ऑनलाइनला ‘--इंटरफेस’ देऊन हवं ते एकच कार्ड सांगा. नेटवर्कमॅनेजर वापरत असताना नेटवर्कडीची वाट पाहणारी सेवाही चालू राहिली असेल तरी हीच दोन मिनिटं जातात. ती बंद करा.

इफअपडाउनमध्ये कार्डापुढे ‘ऑटो’ लिहिलंय की ‘अलाउ-हॉटप्लग’ ते बघा. हॉटप्लगवालं कार्ड नेटवर्किंग सेवा स्वतः उभं करत नाही, त्याची वाटही पाहत नाही. कायम जोडलेल्या कार्डाला ‘ऑटो’च बरं.

आता हे सगळं बरोबर असूनही एक सापळा उरतो आणि तो मशीनच्या बाहेर असतो. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणारी व्यवस्था) चालू असेल, तर लिंक वर आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग पॅकेट पुढे पाठवायला लागतो. डीएचसीपी असेल तर पत्ताच उशिरा मिळतो, म्हणून सगळे आपोआप थांबतात. पत्ता स्थिर असेल तर मशीन क्षणात स्वतःला ‘ऑनलाइन’ समजतं आणि पुढची ३० सेकंद त्याची पॅकेटं स्विचवरच संपतात. एनएफएसचा माउंट काही वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा तरून जातो. सांबाचा माउंट एकदाच बघतो आणि पडतो. एकाच मशीनवर एनएफएस चालतं आणि सांबा चालत नाही, तर संशय स्विचवर घ्या. उपायही स्विचवरच: त्या पोर्टला एज पोर्ट करा, काही कंपन्या त्यालाच पोर्टफास्ट म्हणतात.

४. एफएसटॅबची ओळ

साधी, चालणारी ओळ अशी:

१९२.०.२.१०:/एक्सपोर्ट/डेटा   /एसआरव्ही/डेटा   एनएफएस४   _नेटडेव्ह,नोफेल   ०   ०

शेवटची दोन्ही शून्यं ठेवा. दूरच्या फाइलसिस्टिमवर एफएससीके (डिस्कची तपासणी) चालवायचं नसतं.

सर्व्हरचं नाव द्यायचं की आयपी? नाव दिलंत तर डीएनएसही (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) वेळेवर उठायला हवं आणि नेटवर्क-ऑनलाइन त्याची हमी देत नाही. आयपी द्या, किंवा नाव /ईटीसी/होस्ट्समध्ये लिहून ठेवा. कर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी ओळख-पडताळणी) वापरत असाल तर आयपीने चालणार नाही, तिथे होस्ट्सचाच मार्ग. शिवाय घड्याळही बरोबर हवं. बॅटरी गेलेल्या मदरबोर्डवर कर्बेरॉसचा माउंट बूटला पडतो आणि दहा मिनिटांनी हाताने चालतो, तो यामुळेच.

‘_नेटडेव्ह’ एनएफएसला खरं तर लागत नाही, प्रकारावरूनच सिस्टमडीला कळतं. लिहिल्याने बिघडतही नाही. ते अत्यावश्यक ठरतं ते आयस्कझीसारख्या नेटवर्कवरून येणाऱ्या डिस्कवर. तिथे प्रकाराच्या रकान्यात ‘ईएक्सटी४’ किंवा ‘एक्सएफएस’ असतं, म्हणजे सिस्टमडीच्या दृष्टीने ही साधी आतली डिस्क. तो ती नेटवर्कच्या आधी मागतो, ९० सेकंद वाट पाहतो, डिस्क येत नाही, ‘लोकल-एफएस.टार्गेट’ पडतं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. एक शब्द राहिला म्हणून एवढं. दूरचे माउंट ‘रिमोट-एफएस.टार्गेट’खाली येतात. ते पडलं तरी बूट पुढे चालू राहतं.

सांबासाठी नाव-पासवर्ड ओळीत लिहू नका, कारण एफएसटॅब सगळ्यांना वाचता येते. वेगळी फाइल करा, त्यात ‘युजरनेम=’ आणि ‘पासवर्ड=’ अशा दोन ओळी, परवानगी ६००, आणि पर्यायात ‘क्रेडेन्शियल्स=’ देऊन तिचा मार्ग. ही फाइल मशीनच्या मूळ डिस्कवर हवी. दुसऱ्या एखाद्या माउंटवर ठेवलीत तर नवीच रांग लागते.

ओळ बदलली की ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’. हे विसरलं तर सिस्टमडी जुनीच युनिटं धरून बसतो. मग ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. टायपिंगच्या चुका ते पकडतं, सर्व्हर पोचतोय का हे बघत नाही.

५. सर्व्हर बंद असेल तर काय, हे आधी ठरवा

वीज गेली आणि आली, की सर्व्हर आणि क्लायंट एकदमच सुरू होतात आणि डिस्का तपासत सर्व्हर बराच मागे राहतो. त्या वेळी क्लायंटने काय करावं? उत्तर चार प्रकारचं असू शकतं.

काहीच पर्याय न देता: माउंट युनिटची मुदत डिफॉल्ट ९० सेकंद. तेवढा वेळ रिमोट-एफएस टार्गेट अडकतं. लॉगिनला परवानगी देणारी ‘सिस्टमडी-युजर-सेशन्स’ ही सेवा त्याच्या मागे असते, म्हणून त्या दीड मिनिटात साध्या वापरकर्त्याला कन्सोलवरही आत येता येत नाही आणि एसएसएचवरही. ‘मशीन लटकलं’ म्हणून लोक पॉवर बटण दाबतात ते याच वेळी. थांबा, ते येतं.

‘नोफेल’: माउंट पडला तरी चालेल आणि त्याची वाटही कोणी पाहू नये, असे दोन्ही अर्थ. दुसरा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो. नोफेल लावलं की माउंट रिमोट-एफएस टार्गेटच्या आधी पूर्ण होण्याचं बंधन निघून जातं. ‘आफ्टर=रिमोट-एफएस.टार्गेट’ लिहून निश्चिंत झालेली सेवा मग रिकाम्या फोल्डरवर सुरू होऊ शकते. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’: बूटच्या वेळी फक्त जागा राखली जाते आणि कोणी त्या फोल्डरला हात लावला की माउंट होतो. घरच्या शेअरसाठी आणि लॅपटॉपसाठी याहून चांगलं काही नाही. जोडीला ‘एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=१०’ द्या, नाहीतर सर्व्हर नसताना साधा ‘एलएस’ दीड मिनिट अडकून बसतो. ‘एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६००’ दिलंत तर दहा मिनिटं वापर नसल्यावर माउंट सुटतो. फाइलींची यादी करणारे किंवा बॅकअप घेणारे प्रोग्रॅम त्या फोल्डरात जात असतील तर तो कधीच सुटणार नाही. त्यांना तो मार्ग वगळायला सांगा.

‘बीजी’, फक्त एनएफएससाठी: माउंट पार्श्वभूमीवर प्रयत्न करत राहतो. सिस्टमडी हा शब्द ओळखतो आणि त्याऐवजी अमर्याद मुदत, १०,००० मिनिटांचे प्रयत्न आणि नोफेल असं आपलं गणित लावतो. १०,००० मिनिटं म्हणजे जवळजवळ आठवडा. सर्व्हर तासाभराने येणार असेल आणि कोणी बघायलाही नसेल, तर हेच लावा.

इथे ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ची गल्लत नको. ते माउंट झाल्यानंतर सर्व्हर गेला तर काय, याबद्दल आहेत: सॉफ्ट काही वेळाने चूक देतो, हार्ड वाट पाहत राहतो. सॉफ्टमध्ये अर्धवट लिहिलेल्या फाइलीचा धोका असतो. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल डिस्क ठेवणार असाल तर हार्डच राहू द्या, डिफॉल्ट तोच आहे.

६. सेवेला माउंटशी बांधा

माउंट वेळेवर झाला, पण ती जागा वापरणारी सेवा त्याआधीच सुरू झाली, तर नुकसान जास्त. सेवेला फोल्डर दिसतो, रिकामा दिसतो, ती त्यात नवा कोरा डेटा तयार करते. काही सेकंदांनी वर माउंट चढतो आणि ते सगळं खाली झाकलं जातं. मशीनची मूळ डिस्क भरत जाते आणि ‘डीयू’ला (जागा मोजणारी कमांड) काहीच सापडत नाही.

‘सिस्टमसीटीएल एडिट’ आणि सेवेचं नाव देऊन ‘युनिट’ विभागात एकच ओळ घाला:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/डेटा

या मार्गासाठी जे जे माउंट लागतात ते आधी पूर्ण होतील आणि एखादा पडला तर सेवा सुरूच होणार नाही. नोफेल असो वा ‘नोऑटो’ (बूटला आपोआप माउंट करू नका), ही ओळ माउंट ओढून आणते. मार्ग जसाच्या तसा लिहिता येतो हा आणखी फायदा. हाताने ‘आफ्टर=एसआरव्ही-डेटा.माउंट’ लिहायला गेलं की मार्गात हायफन असलेल्या नावांशी गाठ पडते. युनिटच्या नावात तिरक्या रेषेचा हायफन होतो, म्हणून मुळातल्या हायफनला वेगळी खूण करावी लागते. तेच नाव हवं असेल तर ‘सिस्टमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट’ ते काढून देतो.

एक मर्यादा: माउंट पडल्यामुळे सेवा अडली, तर ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ तिला उठवत नाही, कारण ती मुळात सुरूच झालेली नसते. नंतर माउंट झाला तरी ती आपणहून येत नाही. अशा सेवेसाठी वरचं ‘बीजी’ उपयोगी पडतं. माउंट प्रयत्न करत असेपर्यंत सेवा रांगेत उभी राहते.

दुहेरी खबरदारी म्हणून आणखी एक: माउंट नसताना रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचअॅटर +आय’ लावून ठेवा. त्यावर माउंट नेहमीसारखा चढतो, पण माउंट नसेल तेव्हा रूटलाही त्यात काही लिहिता येत नाही. सेवा डेटा झाकून ठेवण्याऐवजी चूक दाखवते.

७. बाइंड माउंटचा फास

दूरच्या माउंटमधला एखादा फोल्डर दुसरीकडे बाइंड करून दाखवत असाल, तर ही पायरी तुमच्यासाठी. बाइंडच्या ओळीत प्रकार ‘नन’ असतो, म्हणून सिस्टमडी त्याला आतला माउंट समजतो आणि लोकल-एफएस टार्गेटच्या आधी लावतो. पण त्याचा उगम एनएफएसवर, एनएफएसला हवं नेटवर्क, नेटवर्कमॅनेजरला हवी मूळ व्यवस्था आणि मूळ व्यवस्थेला हवं लोकल-एफएस. वर्तुळ पूर्ण झालं.

सिस्टमडी ते तोडण्यासाठी मधलं एक काम सरळ रद्द करतो आणि लॉगमध्ये ‘ऑर्डरिंग सायकल’ अशी नोंद ठेवतो. रद्द झालेलं काम तुमच्या माउंटचंच असेल असं नाही, भलतीच एखादी सेवाही गायब असू शकते. म्हणून हा दोष भुताटकीसारखा वाटतो. उपाय एका शब्दाचा: बाइंडच्या ओळीतही ‘_नेटडेव्ह’ लिहा.

८. रीबूट करून तपासा, तीनदा

एकदा सगळं चालू असताना. एकदा सर्व्हर बंद ठेवून. एकदा केबल काढून, आणि मिनिटभराने लावून. पहिल्या चाचणीत पास झालेली मांडणी दुसरीत पडणं नेहमीचं आहे.

प्रत्येक वेळी ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ लावून माउंट युनिटचा लॉग वाचा. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ म्हणजे त्या क्षणी मार्गच नव्हता, क्रम चुकलाय: पायरी दोन-तीन. ‘नो रूट टू होस्ट’ म्हणजे आपलं कार्ड तयार आहे पण पलीकडून उत्तर नाही: स्विच, फायरवॉल किंवा बंद सर्व्हर. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हर उठलाय, त्याची एनएफएस सेवा अजून नाही. ‘नेम रिझोल्यूशन’बद्दल तक्रार असेल तर डीएनएस. ‘अॅक्सेस डिनाइड’ असेल तर बूटचा दोष नाही, सर्व्हरवरची परवानगी बघा.

वेळ कुठे गेला हे ‘सिस्टमडी-अॅनलाइझ क्रिटिकल-चेन रिमोट-एफएस.टार्गेट’ साखळीने दाखवतं. ‘ब्लेम’ची यादी इथे दिशाभूल करते. तिच्यात वाट पाहणारी सेवा सगळ्यात वर दिसते आणि लोक तिलाच बंद करून मोकळे होतात.

९. बंद होताना

शटडाउनला तोच क्रम उलटा चालतो: सेवा थांबते, माउंट सुटतो, मग नेटवर्क जातं. एफएसटॅब नीट असेल तर वेगळं काही करायचं नाही. अपवाद हाताने केलेल्या माउंटचा. सिस्टमडी त्यांचीही युनिटं बनवतो, पण आयस्कझी डिस्क ‘-ओ _नेटडेव्ह’ न देता जोडली असेल तर तिला आतली समजतो आणि नेटवर्क तिच्याआधी बंद होऊ शकतं. मग बफरमधला डेटा लिहायला जागाच नाही आणि मशीन अडकून बसतं. हार्ड एनएफएस माउंट असताना सर्व्हर आधीच बंद केला तरी हेच होतं. दोन्ही मशीनं बंद करायची असतील तर आधी क्लायंट, मग सर्व्हर. यूपीएसच्या स्क्रिप्टमध्येही हाच क्रम लावा.